गोल्फच्या हंगामातला पहिला राउंड: थंडी, चिखल आणि वाळू टाकलेली ग्रीन

हिवाळा सरता सरता गोल्फ खेळायला जाऊ नये, कोर्स (मैदान) तयार नसतो, असं सांगणारे बरेच भेटतात. आम्ही दोघं गेलो, आणि तुम्हीही जा. फक्त चांगल्या स्कोअरची आशा घरी ठेवा.

टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) सकाळचा होता, पण ग्रीनवर, म्हणजे होल (चेंडू घालायचं भोक) असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दंव गोठलेलं, त्यामुळे सुरुवातच लांबली. गोठलेल्या गवतावर पाय पडला की पाती आतून फुटतात आणि नंतर तिथे काळपट ठसे उमटतात. तेव्हा कोर्सवाल्यांशी हुज्जत घालू नका, तेवढ्यात पाठ-खांदे मोकळे करून घ्या.

थंड हवेत चेंडू कमी जातो आणि ओल्या फेअरवेवर (ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पडला की घरंगळतही नाही. सोबती मुरलेला. जिथे एरवी ८ आयर्न (लोखंडी क्लब; आकडा लहान तितका चेंडू लांब जातो), तिथे तो पहिल्यापासून ७ काढत होता. माझा एक उंच फटका फेअरवेवर पडला तो अर्धा रुतूनच बसला. अशा वेळी दंडाशिवाय सुटका मिळते (नियम १६.३): चेंडू उचलायचा, पुसायचा, रुतलेल्या जागेच्या लगेच मागून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) रुतला तर मात्र ही सवलत नाही. साचलेल्या पाण्यातूनही दंडाशिवाय सुटका मिळते, पण बुटाखाली नुसतं पचपच वाजून भागत नाही, उभं राहिल्यावर पाणी डोळ्यांना दिसायला हवं.

खरी परीक्षा ग्रीनभोवती. जमीन मऊ असली की वेजची (चेंडू उंच उडवणाऱ्या, जास्त तिरप्या क्लबची) धार मातीत घुसते आणि चेंडू हातभर पुढे जाऊन थांबतो. सोबत्याने वेज बाहेर काढलाच नाही. चेंडू उजव्या पायाजवळ, हातात ८ आयर्न, मनगटं घट्ट, पुटसारखा (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या फटक्यासारखा) छोटा झोका. दिसायला अगदी ओबडधोबड, पण चेंडू ग्रीनवर टेकून निमूट होलकडे जायचा. दर फटक्यानंतर क्लबचा चिखल पुसणं आलंच, म्हणून दोन टॉवेल घ्या; एक कोरडाच ठेवा.

ग्रीनवर हवा खेळण्यासाठी भोकं पाडून वर वाळू टाकली होती. पुट उड्या मारत जातो. २०१९ पासून बुटांचे ओरखडे बुजवता येतात, ही भोकं मात्र नाही. आम्ही आपसात दोन पुटांच्या वर मोजायचं नाही असं ठरवलं. हँडिकॅपसाठी (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्यासाठी) स्कोअरकार्ड द्यायचं असेल तर हा लाड चालणार नाही.

नऊ होलांवर थांबलो, तेवढे पुरे. आणि वेळ ठरवताना भोकं कधी पाडली ते विचारून घ्या. नुकतीच पाडली असतील तर थोडे दिवस थांबलेलं बरं.