सां-दनीतल्या सासू-सुना

पॅरिसमध्ये तीनच दिवस होते, त्यातला एक मी न्यूस्ट्रियासाठी ठेवलेला. नवरा म्हणाला, हे कुठे आलं? आता कुठेच नाही, तीच तर गंमत. ५११ मध्ये फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस गेला, पोरांनी राज्य वाटून घेतलं, पुढे वाटण्या होत होत पूर्वेकडचं ऑस्ट्रेशिया आणि पश्चिमेकडचं न्यूस्ट्रिया, म्हणजे स्वासों, पॅरिस, रूआं, तूर हा सगळा पट्टा. भाऊबंदकी आपल्याला काय नवीन!

मेट्रो १३ ने सां-दनीच्या बॅसिलिकाला उतरलो, म्हणजे पॅरिसला लागून असलेल्या गावातलं, फ्रान्सच्या राजा-राण्यांच्या समाध्या असलेलं मोठं चर्च. रविवारी समाध्या दुपारी बारानंतर उघडतात हे मी बघितलंच नव्हतं, मग बाहेरच्या बाजारात टाइमपास, पुदिन्याच्या जुड्या बघून जीव जळला, हॉटेलात चटणी कुठे वाटणार.

आत सत्तरच्या वर राजे-राण्या दगडात आडवे झालेत. मला हवी होती न्यूस्ट्रियाची राणी फ्रेडेगुंड. तिची १२व्या शतकातली शिळा आहे, दगडाचे बारीक तुकडे आणि मधून तांब्याच्या पट्ट्या, मीनाकाम वाटावं असं. मुकुट आहे, राजदंड आहे, झग्याच्या चुण्यासुद्धा दिसतात, पण चेहऱ्याच्या जागी कोरा दगड! हातपाय पण तसेच. तेवढा भाग रंगवलेला असावा, रंग उडून गेला.

बाई मूळची दासी. चिल्पेरिक राजाची राणी गाल्स्विंथा अंथरुणात गळा आवळून मारली गेली आणि थोड्याच दिवसांत राजाने हिच्याशी लग्न केलं. मेलेलीची बहीण ब्रुनहिल्डा ऑस्ट्रेशियाची राणी, म्हणजे हिची जाऊच. ५७५ मध्ये फ्रेडेगुंडने मारेकरी पाठवून दीर, म्हणजे ब्रुनहिल्डाचा नवरा, संपवला. तूरचा बिशप ग्रेगरी सांगतो की एकदा पोटच्या पोरीशी भांडण झालं तर म्हणाली घे पेटीतले दागिने, पोरगी वाकली तसं झाकण तिच्या मानेवर दाबलं. (बिशपचं हिच्याशी अजिबात जमत नव्हतं, तेव्हा थोडा मीठमसाला धरून चाला.) ही ५९७ मध्ये गेली तरी वैर संपलं नाही, ६१३ मध्ये हिच्या मुलाने म्हाताऱ्या ब्रुनहिल्डाला घोड्याला बांधून मारलं.

आणि फ्रेडेगुंडची सासूपण इथलीच! अरेगुंड. १९५९ मध्ये खोदकामात तिची शवपेटी सापडली, अंगठ्यात सोन्याची अंगठी, त्यावर नाव. तिच्या बहिणीने नवऱ्याला, क्लोथार राजाला सांगितलं होतं की माझ्या बहिणीला चांगलं स्थळ बघा, हा गेला, बघून आला आणि म्हणाला माझ्याहून चांगलं कोणी दिसेना म्हणून मीच लग्न केलं. सुनेची शिळा आधी पॅरिसच्या दुसऱ्या चर्चमध्ये होती, क्रांतीनंतर इथे आणली, म्हणून दोघी आता एका छपराखाली.

नवरा इतका मोठ्याने हसला की गार्डने वळून बघितलं. बाहेर बाजार आवरत होते, पुदिना घेतलाच शेवटी, हॉटेलच्या ग्लासात पाणी घालून ठेवला.