हजेरी

सोमवार, रात्री साडेनऊ

पावसानं आजही उसंत दिली नाही. उठल्या उठल्या आमच्या कोल्हापूरच्या पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी बघितली, 38 फूट. 39 ला इशारा, 43 ला धोका, हे आकडे इथलं शेंबडं पोरगंही सांगतं. सुट्टी जाहीर नव्हती, म्हणून शाळेत गेलो. वर्गात 41 पैकी 13 पोरं.

तेरा डोकी नुसती मोजून कॅटलॉग भरला असता तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. का कोण जाणे, आज सगळी नावं पुकारली. गैरहजर पोराचं नाव आलं की मागून कोणीतरी बोलायचं. "सर, त्यांच्यात पाणी आलंय." "सर, त्यो मामाकडं गेलाय." "चिखलीची गाडी बंद हाय, सर." एक तर म्हणाली, "ती झोपली असंल, सर, रोजच उशिरा उठती." सगळे हसले. तेरा जणांनी आख्ख्या वर्गाचा ठावठिकाणा सांगितला.

एका नावाला मात्र कोणीच बोललं नाही. जूनमध्ये नवीन आलेला मुलगा. बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही त्याचं घर माहीत नाही. मला तरी कुठं माहीत होतं? महिनाभर त्याच्या नावापुढं रोज खूण करतोय. 'हजर, सर' एवढाच त्याचा आवाज, तोही खाली मान घालून. पेन तिथं जरा थांबलं. मग 'गै' लिहिलं नि पुढचं नाव घेतलं.

परतताना दसरा चौकात सिग्नलला भिजत थांबलो, समोर शाहू महाराजांचा पुतळा. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना 1 रुपया दंड. हे मी दर 26 जूनला भाषणात ठोकून सांगतो. पुढच्याच वर्षी, 1918 ला, त्यांनी एक हजेरी बंदही केली, ते मात्र माझ्या भाषणात कधी आलं नाही. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जातींतल्या माणसांना पाटलापुढं जाऊन हजेरी द्यावी लागायची. चोरी केली म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून. शाळेत न येणाऱ्याला दंड आणि चावडीवरची हजेरीच रद्द! चावडीवर माणूस मोजायचे तो निसटू नये म्हणून. तो जेवला का, हे कोण विचारणार? महिनाअखेरीला सरासरी जुळवायला मी जो कॅटलॉग भरतो, तो खरं तर चावडीच्याच जवळचा.

आपल्याकडं दुसरीही एक हजेरी असते, बिनकागदाची. पेपरात 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी 9 वाजता' एवढी ओळ वाचून माणसं येतात, अर्धा तास उभी राहतात, चकार शब्द न बोलता जातात. गेल्या महिन्यात शेजारचे काका गेले. त्यांचा मुलगा दिवसभर गुडघ्यात डोकं घालून बसला होता, वाटलं ह्याला कशाचंच भान नाही. आठवड्यानं चहा पिताना त्यानं कोण कोण आलं होतं ते ओळीनं सांगितलं. कोण आलं नाही, तेही.

जेवण झाल्यावर प्रवेश अर्जावरचा नंबर काढून त्या मुलाच्या घरी फोन लावला. आईनं उचलला. आवाजात भीती. शाळेतनं फोन म्हणजे काहीतरी तक्रारच, असं वाटलं असणार.

"न्हाई वं सर, ताप आलाय त्याला. उद्या परवा धाडते. नाव काढू नगासा."

"नाव कशाला काढतोय? सहज केला फोन."

मग तोच फोनवर आला. आज पहिल्यांदा त्याचा आवाज नीट ऐकला. चांगला खणखणीत आहे की!

"सर, आज हजेरी घेतलीसा?"

"घेतली की."

"माझ्या नावाला कोण बोललं?"

त्यालाही ती पद्धत ठाऊक होती तर. मी शेजारच्या बाकावरच्या पोराचं नाव सांगून टाकलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आजारी असंल."

उद्या शाळेत गेल्यावर त्या पोराला आधी गाठलं पाहिजे.