परत का आलो, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"नोकरी सोडून गावी गेला होतात ना? मग परत का आलात? आणि आलात तर आलात, इतके निवांत कसे?"

गेल्या सहा वर्षांत हे मला लग्नात विचारलं गेलंय, सोसायटीच्या मीटिंगला विचारलं गेलंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, दाढेला भूल देऊन, माझ्या तोंडात आरसा असताना विचारलं. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. यापुढे कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी कुडाळकडच्या माझ्या गावाची बाजू. गावानं मला फसवलं नाही. काजूची ८० कलमं लावली होती, वेंगुर्ला-४ आणि ७ या जातींची. सात-सात मीटरवर लावली की एकरात तेवढीच बसतात. पहिल्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि २२ गेली. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर वणवा आला, त्यात २७. राहिली ३१. पण काजू तिसऱ्या वर्षापासून धरतो, तोवर असं काहीबाही व्हायचंच, हे मला जाण्याआधीच माहीत होतं. "शेती परवडली नाही" हे उत्तर लोकांना पटकन पटतं, म्हणून दोन वर्षं मी तेच देत होतो. ते खोटं नाही, पण खरंही नाही.

खरं कारण २०१८ च्या चतुर्थीतलं.

तोवर मला गावी येऊन सव्वा वर्ष झालं होतं. बायको शाळेच्या नोकरीमुळे आणि मुलाच्या दहावीमुळे डोंबिवलीतच होती. आमचा गणपती सात दिवसांचा. जन्मभर मी चाकरमानी म्हणून गेलो, त्या वर्षी पहिल्यांदा घरचा म्हणून उभा होतो. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या लाकडी चौकटीला, कवंडळ, तेरडा मी स्वतः रानातून आणून बांधला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, रात्री भजनी मंडळी, वाटेवर माणसांचा राबता. आपण केलं ते बरोबर केलं, असं मी सातही दिवस येईल त्याला ऐकवत होतो. माझंच बोलणं आठवून आता कान तापतात.

आठव्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं बायको आणि मुलगा परत निघाले. कुडाळ स्टेशनवर ही गर्दी! बॅगा, नारळाची पोती, तांदळाचं बाचकं आत ठेवायला मी डब्यात चढलो. सामान सीटखाली सरकवलं. गाडीनं शिट्टी दिली. मुलगा म्हणाला, "बाबा, उतरा, सुटतेय." मी ऐकलं. दाराकडे वळलोसुद्धा. पण पाय हलेनात. कुणी अडवलं नव्हतं, भोवळ वगैरे आली नव्हती. प्लॅटफॉर्म मागे सरकताना दिसत होता आणि मी तांदळाच्या बाचक्यावर बसलो होतो. अंगात घरचा बनियन, पायात रबरी चपला, खिशात ४० रुपये.

ही काही बोलली नाही. चष्मा काढून पदरानं पुसत राहिली, आधी एक काच, मग दुसरी, मग परत पहिली. समोरच्या बाकावरचे काका वर्तमानपत्राआडून बघत होते. सिंधुदुर्ग स्टेशन गेलं तेव्हा तिनं चष्मा लावला आणि विचारलं,

"घराला कुलूप लावलंय का?"

नव्हतं लावलं. दार सताड उघडं, देवापुढची समई तेवत ठेवलेली, चुलीत विस्तव.

"मग कणकवलीला उतरा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मिळेल त्या टेम्पोनं रात्री घरी पोचलो. खळ्यात बाजूची काकी बॅटरी घेऊन बसली होती. तिनं विस्तव विझवला होता. बॅटरी थेट माझ्या तोंडावर मारून म्हणाली, "दार उघडा टाकून खंय गेल्लंस?" आणि मग, "मेल्या, मुंबयसून येताना कपाळावरच्यो आठयो पण घेवन इलंस रे?"

त्यानंतरही मी सहा महिने तिथेच राहिलो, निव्वळ हट्टानं. तेव्हाचा मी आज भेटला तर त्याला म्हणेन, बाबा, कुणाला दाखवायला थांबलायस? तो म्हणेल, आणि तू कुणाला दाखवायला निवांत आहेस? याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता निवांतपणाचं. पीएफ विहिरीत आणि छपरात गेला होता. परत आलो तो दुसऱ्या एका फर्ममध्ये, कमी पगारावर, पहिल्यासारखाच हिशेब लिहायला. ऑफिस मशीद बंदरला. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, म्हणून नाइलाजानं डोंबिवलीहून सुटणारी स्लो धरायला लागलो. वीसेक मिनिटं जास्त जातात, पण खिडकी मिळते. मुंब्र्याला डोंगर अंगावर येतो, जुलैत त्याला बारीक धारा फुटतात. त्या मोजायच्या. परवा नऊ होत्या. ही माझी साधना वगैरे नाही, खिडकीत बसल्यावर दुसरं काय करणार?

गावाहून आणलेला गवती चहाचा ठोंब गॅलरीत आहे. सकाळी दोन पाती कापताना आठवड्यातून एकदा तरी बोट कापतंच. कात्री घ्यायचं अजून सुचत नाही, म्हणजे कात्रीनं कापलेला चहा मला आवडत नाही. रात्री निजण्याआधी दोन चष्मे पुसतो, तिचा आणि माझा, जुन्या धोतराच्या फडक्यानं. तिनं कधी कारण विचारलेलं नाही.

बस, एवढंच. यात "रहस्य" शोधू नका. ऑफिसातली तरुण मुलं राजीनामा लिहून ठेवतात आणि मला विचारायला येतात, "काका, जाऊ का?" मी जा म्हणत नाही, नको म्हणत नाही. एकाला नको म्हटलं होतं, तो गेला आणि आज मजेत आहे. त्यामुळे छोट्या सवयी बऱ्या की मोठी उडी बरी, याचा निवाडा माझ्याकडे मागू नका. माझ्या सवयी हरल्यावर लागलेल्या आहेत. जिंकलो असतो तर मुंब्र्याच्या धारा मी मोजल्या असत्या का, कोण जाणे. आणि हेही सांगून टाकतो, की काही रात्री अजून फोनवर जमिनींचे भाव बघतो. चष्मे पुसून झाल्यावर.

गेल्या आठवड्यात गावाहून चुलतभावाचा फोन होता. उरलेल्या ३१ कलमांची बी त्यानंच गोळा करून विकली. जाता जाता म्हणाला, "मेलल्या कलमांच्या जाग्यार खड्डे मारून ठेवू काय?"

मी हो म्हटलंय. हिला अजून सांगितलेलं नाही.