कान आणि कानस

कपाटावरचं पांढरं हेल्मेट दिसलं की लोक आधी ते उचलतात, मग न विचारता डोक्यात घालतात आणि आतूनच, घुमलेल्या आवाजात विचारतात, "घरी जोडलंत? किती वेळ लागला?" आजवर "झालं महिन्याभरात" असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण तुम्ही विचारलंत म्हणून खरं सांगतो. चेहरा, डोळे, दात, डोक्याची पाठ हे सगळं दोन रविवारांत झालं. बाकीचे तीन आठवडे कानांनी खाल्ले.

हे हेल्मेट 1977 सालच्या 'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचं. मी ते सुट्या भागांच्या संचातून जोडलं. त्याआधी माझ्या हातची सर्वांत मोठी जोडणी म्हणजे पुस्तकांचं शेल्फ, आणि तेही जरा डुलतं. खोका उघडला तर आत हेल्मेट नव्हतंच. एक चेहरा, एक डोक्याची पाठ (ती वरून पार कपाळापर्यंत येते), दोन कान, रबरी पट्टी, हिरवट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि पिशवीभर स्क्रू. प्रत्येक भागाला चहूकडून फालतू प्लास्टिकची झालर. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटात गोळीपुरता फुगवटा आणि भोवती सपाट पत्रा असतो ना, अगदी तसं. पद्धतही साधारण तीच. एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर पसरायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, की पत्रा साच्याला चिकटून बसतो. जिथे तो जास्त ताणला जातो तिथे पातळ होतो. भाग उजेडासमोर धरला की पातळ जागा लगेच दिसतात. मी धरला नव्हता.

झालर कापणं सोपं आहे. एबीएस आरपार कापावं लागत नाही. कटरनं एकाच रेषेवर तीनचार वेळा हलकी खाच पाडायची आणि वाकवायचं, कट्कन तुटतं. जोर लावला की कटर घसरतो, आणि तो कुठे घसरतो हे माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा. डोळ्यांच्या आणि दातांच्या खाचांसाठी आधी कोपऱ्यांत बारीक भोकं पाडून घेतली. टोकदार कोपऱ्यातून तडा पुढे धावतो, गोल भोकाशी अडतो. पहिल्या रविवारी संध्याकाळी चेहरा आणि पाठ मास्किंग टेपनं जोडून डोक्यात घातली आणि आरशासमोर उभा राहिलो. सैनिक भुवया उंचावून, दचकल्यासारखा बघत होता. टेप सोडून डोक्याची पाठ जेमतेम चार मिलिमीटर पुढे खाली झुकवली, तर तोच चेहरा एकदम रागीट झाला. त्या रात्री मी बराच वेळ नुसता टेप काढत आणि लावत बसलो होतो. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त मजा त्या दोन तासांत आली.

आता कान. चेहरा आणि पाठ जिथे एकमेकांवर चढतात तो सांधा कानांखाली झाकला जातो. म्हणजे आधी जिथे कुठे थोडंसं चुकलं असेल, ते सगळं गोळा होऊन तिथे येतं. शिवाय तिथला पृष्ठभाग सरळ नाही. गालाकडे एक वळण, मानेकडे दुसरं आणि मधे सांध्याची पायरी. कानाची कड या सगळ्याला फट न ठेवता टेकली पाहिजे. त्यामुळे काम एकच. कान लावून बघायचा, जिथे अडतो तिथे पेन्सिलीनं खूण करायची, काढायचा, कानशीनं चार हात मारायचे, पुन्हा लावून बघायचा. उजवा कान असा पाच संध्याकाळी घासला आणि सुरेख बसला.

मग मला हुशारी सुचली. उजव्या कानाच्या कडेचा कागदी आकार काढला, कागद उलटा केला, डाव्या कानावर ठेवला आणि रेघ मारून थेट कापलं. पुन्हा पाच संध्याकाळी कोण घालवणार!

या हेल्मेटच्या दोन बाजू सारख्या नाहीत. चित्रपटासाठी मूळ घडवलं तेव्हाच ते डावीउजवीकडे वेगळं झालं, आणि हौशी मंडळी ते वाकडेपण प्रेमानं जपतात. संचवाल्यांनीही जपलं होतं. डावा कान ठेवला तर गालाकडे करंगळीचं नख सहज आत जाईल एवढी फट. घाईघाईनं दुसरी बाजू घासून तो खाली बसवायला गेलो, तर कानस नेमकी पातळ जागेत अडकली आणि कडेला तडा गेला. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात, ते काही उगाच नाही.

तडा बुजवायला तो कचराच कामाला आला. कापलेल्या झालरीचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत टाकून वर अ‍ॅसिटोन ओतायचं. एबीएस त्यात विरघळतं आणि दुसऱ्या दिवशी घट्ट लापशी तयार होते, अगदी त्याच पांढऱ्या रंगाची. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं आणि वास डोक्यात जातो, म्हणून खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नको. ही लापशी तड्यात भरली की सुकताना आक्रसते, खड्डा पडतो. मग पुन्हा भरायची. एकदम जाड थर दिला तर खालचं प्लास्टिकच मऊ पडतं, म्हणून पातळ थर आणि मधे एक दिवस. माझे सहा थर झाले. मग पॉलिश पेपर, आधी 240, मग 400, शेवटी 1000 नंबरचा पाण्यात भिजवून. घासताना तोंडाला मास्क हवाच.

डोळ्यांच्या काचा मात्र सुपर ग्लूनं चिकटवू नका. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. मी स्क्रूनं बसवल्या, म्हणजे पुढेमागे काढून पुसताही येतात. आतून फोमचे तुकडे लावले. आत श्वासानं काच धुरकटते आणि स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्यामुळे जिना उतरताना कुणाचा तरी हात धरावा लागतो. असा हा सैनिक.

गालाकडची फट कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. हेल्मेट कपाटावर डावी बाजू भिंतीकडे करून ठेवलेलं असतं. तुम्ही उचललंत, डोक्यात घातलंत, आणि परत ठेवताना उलटं ठेवलंत. म्हणून मघाशी बोलता बोलता उठून मी ते फिरवलं.