९ मीटर ध्वजस्तंभ, वाशी खाडीकाठ: ४१ चे ८ झाले!

मागच्या नोंदीत वाऱ्यामुळे खांबाच्या पायथ्याशी येणारा वाकवणारा जोर (मोमेंट) ४१ किलोन्यूटन-मीटर निघाला होता, ते कोडं सुटलं. झेंड्याला फळी धरलं होतं, तिथेच घोळ.

वारा तोच, आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे: मूळ वेग ४४ मी/से, खाडीकडून आडोसा नाही म्हणून कॅटेगरी १ (मोकळा भूभाग), के-२ (भूभाग-उंचीचा गुणक) १.०५. दाब १,२८१ न्यूटन/चौ.मी. १८०० × १२०० मिमीच्या झेंड्याला ताणून बांधलेल्या कापडाचा १.८ गुणांक लावला की ४,९८० न्यूटन होतात. पण झेंडा एकाच कडेला बांधलेला, वाऱ्याबरोबर वळतो. युरोकोडात (युरोपच्या बांधकाम मानकात) मोकळ्या झेंड्याचं वेगळं सूत्र आहे, त्यात कापडाचं वजन येतं. कोरडं पॉलिस्टर ११० ग्रॅम/चौ.मी. धरलं तर फक्त १४१ न्यूटन! मात्र आपल्याकडे सोसाट्याचा वारा पावसासोबत येतो, आणि २०२२ पासून तिरंगा रात्रीही फडकत ठेवता येतो. म्हणून भिजलेलं कापड २५० ग्रॅम धरलं. बळ २५० न्यूटन. हाच आकडा पक्का.

जास्त वारा खातो तो खांबच. सलग १०० एनबी (पाइपचा नाममात्र आतला व्यास, मिमीत) घेतला तर पायथ्याशी खांबाचे ७.१ किलोन्यूटन-मीटर, झेंड्याचे जेमतेम २.१. ताण २२४ न्यूटन/चौ.मिमी, साध्या पाइपला १३९ च्या वर नको. जाड पाइपला वेग गुणिले व्यास ६ च्या पुढे गेला की वाऱ्याच्या बळाचा गुणांक उतरतो, पण दोरी-हूक असलेल्या खांबाला ती सवलत घेऊ नका. १.२ च धरा.

म्हणून तीन टप्पे, ३-३ मीटरचे: खाली १५०, मध्ये १००, वर ६५ एनबी. पायथ्याशी ८.२. ताण खालून वर ८७, ९०, ७८. तिन्ही टप्पे जवळपास सारखेच राबतायत, फार समाधान वाटलं! सांध्यात वरचा पाइप ३०० मिमी आत आणि मधल्या फटीत दोन रिंगा; एकाच रिंगेवर भार दिला तर वेल्ड हळूहळू चिरतो. गॅल्व्हनाइझिंगला (जस्ताचा लेप द्यायला) पाठवण्याआधी रिंगांना भोकं पाडा, कोंडलेली हवा आणि ओल वितळलेल्या जस्ताच्या टाकीत फुटते. कळंबोलीत पाइप घेताना बी क्लास (मध्यम जाडी), निळा पट्टा मागा, तरी कॅलिपर लावाच: १५० एनबीला ४.८५ मिमी.

फाउंडेशन १.२ × १.२ × ०.९ मी. ठरलं होतं. ही नोंद लिहिताना पुन्हा तपासलं: उलटण्याविरुद्ध १.९ पट, पण कडेखाली दाब ६१ किलोन्यूटन/चौ.मी. भरावाखालच्या मऊ गाळाला तो झेपणार नाही. १.५ × १.५ × ०.६ केलं तर काँक्रीट १.३० ऐवजी १.३५ घनमीटर आणि दाब ३१! तेव्हा खड्डा रुंद आणि उथळ. एम२० चे (२० मिमी व्यासाचे) चार बोल्ट, २५० मिमी अंतरावर, प्रत्येकी १६ किलोन्यूटन ओढ. आता ते ४५० मिमीच रुततील, म्हणून खालची टोकं वाकवून घेतोय.