उकळी न येऊ देता: लीलमधल्या घरची दूध-कॉफी

फ्रान्समध्ये घरोघरी सकाळची दूध-कॉफी कपातून नव्हे, तर वाडग्यातून पितात, हे मला उत्तरेकडच्या लील शहरात राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या मादामनी पहिल्याच हिवाळ्यात मला न्याहारीला बोलावले. त्यांनी माझ्यापुढे पांढऱ्या चिनी मातीचा, कान नसलेला, आपण आमटी वाढून घेतो तेवढा मोठा वाडगा ठेवला आणि एका हातात कॉफीची किटली, दुसऱ्या हातात दुधाचे लहान पातेले धरून दोन्हींच्या धारा एकाच वेळी त्यात सोडल्या. दोन्ही धारा वाडग्याच्या मध्यावर भेटत होत्या आणि बदामी रंग तळापासून काठाकडे चढत होता. चमच्याने ढवळण्याची गरजच उरली नाही.

हीच ती ‘काफे ओ ले’. नावाचा अर्थ इतकाच की दूध घातलेली कॉफी. मात्र हे नाव घेऊन इथल्या एखाद्या कॅफेत गेलात, तर मिळणारे पेय वेगळे असते. नुसते ‘काफे’ म्हटले की समोर एस्प्रेसोची इवलीशी कपबशी येते, दुधाचा थेंबभर स्पर्श हवा असेल तर ‘नुआझेत’ म्हणावे लागते, आणि भरपूर दुधाची कॉफी हवी असेल तर ‘काफे क्रेम’ मागतात, ज्यात नाव क्रेम असले तरी बहुधा दूधच असते. वाडग्यातली काफे ओ ले ही घरची, न्याहारीची आणि घरच्या कपड्यांत पिण्याची गोष्ट आहे. दुपारच्या जेवणानंतर ती कोणी पीत नाही, त्या वेळी काळी कॉफीच हवी असते.

मी सांगलीची. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात साखर घालून ते खळखळा उकळायचे, त्यात कॉफीची पूड टाकायची, वरून जायफळ किसायचे आणि पुन्हा एक उकळी आणायची. चहा असो, दूध असो, आमटी असो, आपल्या स्वयंपाकघरात पदार्थ झाला की नाही हे उकळीच सांगते. मादामच्या स्वयंपाकघरात नेमका उलटा नियम होता. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक जुनी फ्रेंच म्हण ऐकवली, ‘काफे बुयू, काफे फूतू’, म्हणजे कॉफी उकळली की ती वाया गेली. मूळ शब्द थोडा रांगडा आहे, पण यमक इतके पक्के जमले आहे की एकदा ऐकल्यावर ही म्हण विसरता येत नाही. या म्हणीचा मी पुढे गंभीरपणे विचार केला आणि माझ्या मते या कॉफीचे सारे मर्म त्यातच आहे. कॉफी आणि दूध वेगवेगळ्या भांड्यांत तयार व्हावे, दोन्हींपैकी एकालाही उकळी फुटू नये, आणि त्यांची गाठ थेट वाडग्यातच पडावी.

आधी कॉफीकडे येते. दोन वाडग्यांसाठी मी पाव लिटर पाणी आणि वीस ग्रॅम कॉफी घेते, म्हणजे सपाट भरलेले साधारण चार मोठे चमचे. काळी कॉफी प्यायची असती तर एवढ्या पाण्याला पंधरा ग्रॅम पुरली असती, पण इथे तितकेच दूध पडणार असल्यामुळे ती दाट हवी. पातळ, पाणचट कॉफीला फ्रेंच माणसे ‘मोज्याचा रस’ म्हणतात. पूर्वी कॉफी कापडी पिशवीतून गाळत आणि ती पिशवी दिसायला मोज्यासारखीच असे, हे समजल्यावर त्या शब्दांतले चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मादाम कागदी गाळणी वापरतात. मी दट्ट्याची काचेची किटली वापरते. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचे, मगच ते जाडसर दळलेल्या पुडीवर ओतायचे, चार मिनिटे हात लावायचा नाही आणि नंतर दट्ट्या सावकाश खाली दाबायचा. घाई केली की बारीक गाळ वर येतो आणि वाडग्यातला शेवटचा घोट खरखरीत लागतो.

लीलच्या परिसरात कॉफीत आणखी एक गोष्ट पडते आणि ती पाहून मला एकदम घरची आठवण झाली. मादाम पुडीत लहान चमचाभर चिकरी मिसळतात. चिकरी म्हणजे एका झाडाचे मूळ. ते कापून वाळवतात, भाजतात आणि दळतात. त्यात कॅफीन नसते, पण भाजलेल्या साखरेसारखा कडसर गोडवा असतो आणि रंग गडद येतो. 1806 मध्ये नेपोलियनने युरोपची बंदरे ब्रिटिश व्यापाराला बंद केली, तेव्हा समुद्रापलीकडून येणारी कॉफी आणि उसाची साखर दोन्ही दुर्मीळ झाली. कॉफीची जागा चिकरीने घेतली आणि उसाच्या साखरेची जागा बिटाच्या साखरेने. उत्तर फ्रान्सच्या या सपाट, ओल्या जमिनीत दोन्ही पिके रुजली आणि टिकली. लीलपासून जवळच असलेल्या ऑर्शी या गावात 1858 मध्ये स्थापन झालेला लरू हा चिकरीचा ब्रँड आजही इथल्या दुकानांत सहज दिसतो. आपल्याकडे फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकरीचे प्रमाण छापलेले असते आणि कित्येक जण ती भेसळ समजून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. दुधाच्या कॉफीत थोडी चिकरी असावीच, कारण दुधाच्या गोडव्यापुढे नुसत्या कॉफीची चव मिटून जाते आणि चिकरी तिला आधार देते.

आता दूध, आणि माझ्यासाठी हाच सर्वांत अवघड धडा होता. इथे दुकानात दुधाचे बहुतेक खोके फ्रिजमध्ये नसून साध्या फळीवर रचलेले असतात, कारण ते दूध 135 अंशांहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून हवाबंद केलेले असते. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाला लाल, निम्मी साय काढलेल्या दुधाला निळे आणि साय पूर्ण काढलेल्या दुधाला हिरवे झाकण असते. कॉफीसाठी लालच घ्यावे. पहिल्या वर्षी मी प्रत्येक खोका घरी आणून आधी उकळत असे, कारण न उकळलेले दूध ओठाला लावायचे नाही हा संस्कार लहानपणापासूनचा. लुई पाश्चर 1854 ते 1857 या काळात याच शहरातल्या विज्ञान विद्याशाखेचे अधिष्ठाता होते आणि बिटापासून मद्यार्क बनवणाऱ्या एका कारखानदाराच्या अडचणीतून त्यांचा किण्वनाचा, म्हणजे आंबण्याच्या क्रियेचा, अभ्यास इथेच सुरू झाला. ज्यांच्या नावाने आपण पाश्चराइज्ड दूध म्हणतो त्यांच्या गावात बसून मी तापवलेले दूध पुन्हा तापवत होते. त्यात दुधाची चव मात्र जात होती. दूध साधारण सत्तर अंशांच्या पुढे गेले की त्यातली प्रथिने बदलू लागतात, साय धरते आणि एक शिजका वास येतो. साठ ते पासष्ट अंशांना तेच दूध साखर न घालता गोड लागते.

थर्मामीटर लागत नाही. मंद आचेवर पातेले ठेवून काठाकडे पाहत राहायचे. आधी वाफेची बारीक रेघ दिसते, मग काठाशी मोहरीएवढे बुडबुडे जमतात. ते दिसताच पातेले उतरवायचे, कारण ते मधल्या भागाकडे सरकू लागले की वेळ निघून गेली असे समजावे. मादाम मात्र पातेल्याच्या तळाशी एक जाड काचेची चकती ठेवतात. तिच्याखाली वाफ साठते, मग ती चकती एका बाजूने किंचित उचलली जाते आणि तळावर खडखडते. अशी चकती पूर्वी घरोघरी असे आणि तिचे काम दूध उतू जाऊ न देणे एवढेच. मला आमच्या घरच्या शिट्टीच्या दूधभांड्याची आठवण झाली. दोन्ही साधने एकाच काळजीतून जन्माला आली आहेत. फरक इतकाच की पहिली खडखड ऐकताच मादाम गॅस बंद करतात आणि आमची आई शिट्टी नीट वाजेपर्यंत थांबते.

वाडग्यासोबत पावाचा उभा चिरलेला, लोणी लावलेला तुकडा असतो. तो कॉफीत बुडवून खातात आणि लोण्याचे सोनेरी थेंब पृष्ठभागावर तरंगू लागतात. चहात खारी बुडवून वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

गेल्या डिसेंबरात सांगलीला गेले, तेव्हा आईसाठी ही कॉफी केली. पहिल्या दिवशी ती बिघडली. म्हशीच्या दुधात कॉफी बुडूनच गेली, आणि घोट घेताच आई म्हणाली, “अगं, ही तर कोमट झालीय.” दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. दुसऱ्या दिवशी गाईचे पाकिटातले दूध आणले. आईच्या समाधानासाठी ते आदल्या रात्रीच एकदा उकळून, गार करून, साय काढून ठेवले आणि सकाळी फक्त काठाशी बुडबुडे येईपर्यंत तापवले. पितळी फिल्टरमधला अर्क खूप दाट उतरतो, म्हणून एक भाग अर्कात एक भाग गरम पाणी मिसळून मग दोन भाग दूध घेतले. आणि मुख्य म्हणजे वाडगे आधी उकळत्या पाण्याने भरून दोन मिनिटे तसेच ठेवले, मग रिकामे करून पुसून घेतले, कारण थंड चिनी माती कॉफीची सारी ऊब शोषून घेते. मादाम हे रोज करतात आणि मी ते सांगायला विसरले होते. या वेळी आईने वाडगा दोन्ही हातांनी धरला, अर्धा संपवला आणि जायफळ कुठे आहे ते विचारले. मी उठून किसून आणले.