आमची वाटचाल: वीस डीबीएमवर तगलेला गाळा

भोसरीतल्या आमच्या गाळ्यात गाड्यांचे रेडिओ बनतात. गाडीने आपली जागा, वेग, दिशा, ब्रेक दाबला की नाही हे सेकंदाला दहा वेळा हवेत सोडायचं आणि आजूबाजूच्यांनी ते ऐकायचं, एवढंच काम. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पगार वेळेवर झाले, बँकेचा फोन आला नाही.

मग ती चाचणी आली. एका मोठ्या वाहन कंपनीला असे दोनशे रेडिओ, आमच्या भाषेत डबे, हवे होते. मोकळा सरळ रस्ता, दोन गाड्या, आणि कुणाचा संदेश लांबून येतो ते बघायचं. आमच्या डब्याची पाठवायची पॉवर २० डीबीएम (पॉवर मोजायचं एकक), म्हणजे १०० मिलीवॅट. समोरच्या पार्टीने २६ लावले. मोकळ्यावर सहा डीबी वाढले, म्हणजे पॉवर चौपट झाली, की पल्ला दुप्पट होतो, हे कॉलेजचा पोरगाही सांगेल. तेवढ्यावर टाळ्या पडल्या आणि ऑर्डर गेली.

त्यांच्या डब्याचं आउटपुट मी ३० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा तुकडा) लावून स्पेक्ट्रम अॅनालायझरवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहिलं होतं. अॅम्प्लिफायर झेपेल त्यापलीकडे पिळून काढलेला. सिग्नलचे दोन्ही खांदे वर आलेले, शेजारच्या चॅनेलमध्ये कचरा सांडत होता. हे मी तिथल्या साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही हरलात म्हणून बोलताय." अजूनही आठवलं की जेवण गोड लागत नाही.

मुख्य मुद्दा कुणाला ऐकायचाच नव्हता. साधारण ३०० बाइटचा संदेश ६ एमबीपीएसवर हवेत अर्धा मिलिसेकंद घेतो. सेकंदाला दहा, म्हणजे एका गाडीमागे चॅनेलचा अर्धा टक्का वेळ गेला. शंभर गाड्या एकमेकींच्या टप्प्यात आल्या की निम्मा चॅनेल भरतो. आता पॉवर वाढवून पल्ला दुप्पट करा: चाकणच्या ट्रॅफिकमध्ये टप्प्यातल्या गाड्याही दुप्पट. प्रत्येकीला हवा मोकळी व्हायची वाट बघावी लागते, संदेश एकमेकांवर आदळतात, आणि पुढच्याच ट्रकचा ब्रेक तुमच्यापर्यंत पोचत नाही. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर प्रत्येक मंडळ भोंगा वाढवतं तेव्हा कुणाचं गाणं कळतं? म्हणूनच अमेरिकेच्या एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२९४५/१ मानकात चॅनेल ५० टक्क्यांच्या वर भरू लागला की पॉवर २० वरून १० डीबीएमपर्यंत उतरवायची सोय आहे. युरोपात ३३ डीबीएमपर्यंत मुभा आहे, पण सोबत गर्दी आवरण्याचे नियमही आहेत.

ऑर्डरच्या भरवशावर आणलेला माल पडून राहिला. सीसी खातं, म्हणजे बँकेची फिरती उधारी, मर्यादेपर्यंत भरलं. भागीदाराने हिस्सा काढून घेतला. त्याची मुलीची फी होती, मी काही बोललो नाही. अँटेना आणि केबल तपासायचं यंत्र, व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर, विकायला काढला होता, गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं.

तेव्हा वणीकडच्या खाणीत माती काढायचे ठेके घेणारे भाऊ आले. त्यांना डंपर एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून डबे हवे होते. तिथे आम्ही ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात हेच काम बसवलं. दुसऱ्या कुणीतरी आधी लावलेला डबा केबिनच्या आत होता आणि तिथून पाच मीटर आरजी-१७४ ही बारीक केबल वर अँटेनापर्यंत गेलेली. ही केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे अडीच-तीन डीबी खाते. म्हणजे शंभर मिलीवॅटमधले चार-पाच मिलीवॅट अँटेनाला पोचणार. त्यावर उपाय म्हणून त्यांनी पॉवर वाढवली होती! शिवाय अँटेना केबिनच्या मागच्या कडेला, डाला (माल भरायचा मागचा भाग) वर झाला की पूर्ण झाकली जायची.

आम्ही रेडिओच वर, अँटेनाच्या पायाशी नेला. खाली फक्त वीज आणि इथरनेट. पॉवर वीसच ठेवली. मातीच्या बांधाआडून येणारा डंपर ऐकू येऊ लागला. भाऊ म्हणाले, "दादा, तुमचा डबा कमी लांब बोलते, पण वळणावर बोलते. मले तेच पाह्यजे." निम्मे पैसे त्यांनी आगाऊ दिले. व्हेक्टर नेटवर्क अॅनालायझर अजून इथेच आहे, कॅलिब्रेशन किटसकट.

भाऊंचे बाकीचे डंपर त्यानंतर आमच्याकडेच आले. उन्हाळ्यात वणीत डब्याला हात लावला तर भाजतो, म्हणून हीटसिंक जाड केला. पिळलेला अॅम्प्लिफायर त्या उन्हात टिकला नसता.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांसाठी, न विचारता: एसएमए कनेक्टर (अँटेना केबलचा छोटा स्क्रू जोड) टॉर्क स्पॅनरनेच, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळा, पकड लावू नका. नव्वद दिवसांच्या उधारीवर मोठ्या कंपनीची ऑर्डर घेऊ नका. दोन गाड्यांच्या चाचणीला जायचंच असेल तर बाजूला पन्नास डबे चालू ठेवून करा, नाहीतर घरी बसा.

सध्या सी-व्ही२एक्सचे, म्हणजे मोबाइल तंत्रज्ञानावर गाड्यांना बोलतं करणारे, २३ डीबीएमचे बोर्ड टेबलावर आहेत. ज्यांना दर हवेत त्यांनी गाडीचा प्रकार आणि अँटेनाची जागा कळवावी. केबलची लांबी न सांगता कोटेशन मिळणार नाही.